मुंबई–टोकियो : जाताना आठ, येताना दहा

माझ्या तिकिटावर वेळांच्या दोनच ओळी होत्या. जाताना मुंबईहून रात्री आठला निघायचं आणि नरिताला सकाळी साडेसातला उतरायचं. येताना नरिताहून सकाळी अकराला निघून संध्याकाळी साडेपाचला मुंबई. या वेळांची सरळ वजाबाकी केली तर जायला साडेअकरा तास आणि यायला साडेसहा. प्रत्यक्षात जाताना विमानात आठ तास बसावं लागतं, येताना दहा. म्हणजे तिकिटावर जी बाजू लांबची दिसते ती जवळची आणि जवळची दिसते ती लांबची.

शेजारच्या सीटवर साताऱ्याच्या काकू होत्या. मुलगा योकोहामाला, सून सातव्या महिन्यात, आणि काकूंच्या पर्समध्ये मुलाने पाठवलेल्या वेळांचा घडी घातलेला कागद. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. “हे बघा हो, येताना चार-पाच तास कमी दाखवतंय. मग जातानाच एवढा वेळ का काढतात?”

मी म्हटलं, “उलट आहे काकू. येताना दोन तास जास्त लागतात.”

“असं कसं? अंतर तेवढंच ना? साताऱ्याहून पुण्याला जायला आणि यायला काय वेगळा वेळ लागतो का?”

“लागतो की. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा, साताऱ्याकडे जाताना घाट.”

काकूंनी जरा विचार केला. “मग इथं कुठला घाट?”

प्रश्न चोख होता. तेवढ्यात जेवणाची गाडी आली, आणि काकू शाकाहारी डबा उघडून त्यातल्या पनीरची चौकशी करण्यात गुंतल्या, म्हणून उत्तर लांबलं. इथेही जरा सविस्तरच द्यावं लागेल.

आधी घड्याळाचं उरकून टाकू, ते सोपं आहे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, तर जपानची आकाशी नावाच्या शहरातून जाणाऱ्या १३५ अंशांवर. मधलं अंतर साडेबावन्न अंश. दर पंधरा अंशांना एक तास, म्हणून साडेतीन तास. जाताना हे साडेतीन तास तिकिटावर फुकट चढतात, येताना तेवढेच गळतात. एवढं वजा-अधिक केलं की आठ आणि दहा हे खरे आकडे हाती येतात.

पण यातही एक मेख आहे. मुंबई मिर्झापूरच्या बरीच पश्चिमेला, आणि टोकियो आकाशीच्या पूर्वेला. सूर्याला साक्षी ठेवून मोजलं तर दोन शहरांत साडेतीन नव्हे, साडेचार तासांचा फरक निघतो. हा वरचा तास जातो कुठे, ते टोकियोत पाऊल ठेवल्यावर कळतं. जानेवारीत पाच वाजायच्या आत तिथे दिवेलागण झालेली असते. चारचा चहा घेऊन जरा फिरून येऊ म्हणावं तर परतताना मिट्ट काळोख. जूनमध्ये उलटा प्रकार; साडेचारला लख्ख उजाडतं. “मावशी, इथे घर घेताना आधी पडदे बघायचे,” असं तिथे राहणारी माझी भाची म्हणते. जपानी माणूस एवढा शिस्तीचा, पण घड्याळ तासभर पुढे करायचं काही मनावर घेत नाही. आपणही काही वेगळे नाही म्हणा. मुंबईने प्रमाणवेळ आल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ कित्येक दशकं उराशी धरून ठेवली होती.

आता अंतर. पृथ्वीच्या गोलावर सरळ मोजलं तर मुंबई ते नरिता ६,७८० किलोमीटरच्या आसपास भरतं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली की वाटतं, विमान बंगालच्या उपसागराच्या डोक्यावरून, ब्रह्मदेश आणि दक्षिण चीन ओलांडत जात असेल. गोलावर दोरा ताणून बघितला तर तो चांगलाच उत्तरेला चढतो. नागपूरच्या उत्तरेने निघतो, पाटण्याजवळून जातो, भूतानमध्ये जवळजवळ थिंफूच्या माथ्यावर येतो, मग थेट तिबेटच्या पठारात घुसतो. निम्मं अंतर चीनमधल्या चेंगदूच्या जरा उत्तरेला संपतं. पुढे शानदोंगच्या दक्षिणेने पीत समुद्र, कोरिया, जपानचा समुद्र, आणि खाली नरिता. सगळ्यात जवळची वाट ही.

आणि या वाटेने प्रवासी विमान जात नाही. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर असतं, एव्हरेस्ट नऊच्याही आत. त्यामुळे धडकायची भीती नसते. अडचण येते ती काही बिघडलं तर. केबिनमधला हवेचा दाब गेला की डोक्यावरून पिवळे मास्क खाली येतात. त्यांतला प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान तीन किलोमीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, म्हणजे माणसाला मास्कविना श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर. खाली यायचं तर यायचं कुठे? एक इंजिन बंद पडलं तरी तीच गत, कारण एका इंजिनावर विमान तेवढी उंची टिकवू शकत नाही. विमानतळ मोजके, तेही जगातले सर्वांत उंच. म्हणून विमानं हा मुलूख टाळतात, आणि आमचंही मुंबईहून निघून मध्य भारत, कलकत्ता, बांगलादेश, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग असं करत कुनमिंगकडे वळलं. या वळशाने दोन-तीनशे किलोमीटर वाढतात. एकूण सातेक हजार धरा.

समोरच्या पडद्यावर कुनमिंगचं नाव उमटलं तेव्हा रात्र बरीच झाली होती. बहुतेक प्रवासी झोपले होते. काकू जाग्या होत्या. त्यांना विमानात झोप येत नाही आणि सिनेमाही नको असतो. दुसऱ्या महायुद्धात कुनमिंगपर्यंतचा हाच टप्पा वैमानिकांच्या छातीत धडकी भरवायचा. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर चीनला जाणारा रस्ता तुटला, आणि १९४२ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेने आसामातल्या चबुआ, दिंजानसारख्या धावपट्ट्यांवरून कुनमिंगला विमानाने माल पोचवला. पेट्रोल, दारूगोळा, औषधं, सगळं मिळून साडेसहा लाख टन. त्या डोंगररांगांना वैमानिक ‘द हंप’ म्हणत, म्हणजे उंटाचं मदार. तेव्हाची विमानं या डोंगरांच्या वरून निवांत जाण्याएवढी उंच चढत नसत. दऱ्यांतून आणि ढगांतून वाट काढत जात. शेकडो विमानं त्या जंगलात पडली, काहींचे सांगाडे अजून सापडतात. परतलेले वैमानिक सांगत की वर असा काही वारा आहे की हिशेबाने जिथे पोचायला हवं त्याच्या कितीतरी पुढे आपण निघून जातो.

तो वारा आमच्याही मागे लागला होता. पडद्यावर मी जमिनीवरचा वेग बघत होते. मुंबई सोडल्यावर ताशी ९३० किलोमीटर होता. कुनमिंगनंतर हजारापलीकडे गेला. पूर्व चीन समुद्रावर ११३० झाला. इंजिनाचा आवाज तोच, विमानाची हवेतली चाल तीच, नऊशेच्या आसपास. वरचे दोन-सव्वादोनशे वाऱ्याने दिलेले. बाहेर उणे पंचावन्न अंश. मी काकूंना आकडा दाखवून म्हटलं, “हा बघा तुमचा बोगदा. येताना हाच वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे घाट.” “म्हणजे जाताना ढकलतंय आणि येताना अडवतंय,” काकू म्हणाल्या. “होय.” “मग झाली की फिट्टंफाट.” आणि त्यांनी शाल डोक्यावरून घेतली.

फिट्टंफाट होत नाही, ही यातली खरी गंमत. सात हजार किलोमीटरला नऊशेच्या वेगाने एका बाजूला पावणेआठ तास आणि वर दोनेक मिनिटं लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपंधरा. आता सरासरी १३० किलोमीटरचा वारा धरा. जाताना वेग १०३०, वेळ पावणेसात तासांच्या जरा वर. येताना वेग ७७०, वेळ नऊ तास पाच मिनिटं. बेरीज सोळा तासांना सातच मिनिटं कमी. म्हणजे जाताना वाऱ्याने जेवढं दिलं त्याहून वीस मिनिटं जास्त येताना वसूल केली. कारण उघड आहे, उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. (धावपट्टीवरची रांग, चढणं-उतरणं धरून तिकिटावरचे आठ आणि दहा होतात.) तेल त्या मानाने जास्त जळतं ते वेगळंच. म्हणून परतीच्या वाटेवर विमानं या वाऱ्याचा ऐन पट्टा टाळून वेगळ्या रेषेने येतात, आणि रोज वाऱ्याप्रमाणे ही रेषा थोडी बदलते.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्या सीमेवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा अरुंद झोत. पृथ्वीभोवती तो सगळीकडेच असतो, पण हिवाळ्यात जपानच्या माथ्यावर जेवढा जोरकस, तेवढा दुसरीकडे क्वचितच. त्यालाही आपला हिमालय कारण आहे. हिवाळ्यात या प्रवाहाची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेने, उत्तर भारताच्या डोक्यावरून जाते, दुसरी तिबेटच्या उत्तरेने. दोन्ही पुढे पूर्व आशियात एकत्र येतात. तिथे एका अंगाला सैबेरियाची गोठवणारी हवा आणि दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागराचं कोमट पाणी; वाऱ्याला आणखी काय हवं? पंजाब-हिमाचलात हिवाळी पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ याच दक्षिणेकडच्या शाखेवर स्वार होऊन येतात. आणि जूनच्या सुमाराला ही शाखा हिमालय ओलांडून तिबेटच्या उत्तरेला सरकते, तो काळ आपल्याकडे मोसमी पाऊस देशभर पसरायचा. हवामान खात्याची माणसं पावसाचा अंदाज करताना अकरा किलोमीटर वरचं काय बघत असतात, त्यातला हा एक भाग.

टोकियोत भाचीकडे सगळ्यांनी माझ्यासाठी यादी करून ठेवली होती. फुजी, निक्को, कामाकुराचा बुद्ध. मी म्हटलं, मला तातेनोला जायचंय. भाचीच्या नवऱ्याने फोनवर शोधलं आणि विचारलं, “मावशी, तिथे काय आहे?” तिथे जपानच्या हवामान खात्याची उच्च वातावरण वेधशाळा आहे. १९२० साली सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख वासाबुरो ओइशी. जेट स्ट्रीमची पद्धतशीर मोजदाद जगात पहिल्यांदा केली ती या गृहस्थाने.

तातेनोसाठी टोकियोतल्या आकिहाबाराहून त्सुकुबा एक्स्प्रेसने पाऊण तासात त्सुकुबाला उतरता येतं, पुढे बस. आम्ही अंधारातच निघालो, कारण फुगा सकाळी साडेआठच्या सुमाराला सोडतात. गाव म्हणजे संशोधन संस्थांची वसाहत. रुंद रस्ते, थंडीने करपलेलं गवत, उत्तरेला त्सुकुबा डोंगराची दोन शिखरं. थंडी अशी की हातमोज्यातून मोबाइल धरवेना. वेधशाळेच्या आवारातून ठरल्या वेळी पांढरा फुगा वर आला. त्याखाली लांब दोरी, दोरीच्या टोकाला मुठीत मावेल असा पांढरा डबा. पहिली काही मिनिटं तो जवळजवळ सरळ चढला. मग एका उंचीला पोचल्यावर कोणीतरी हात धरून ओढावं तसा पूर्वेला, समुद्राकडे निघाला, आणि बघता बघता ठिपका झाला. भाची म्हणाली, “एवढंच?” एवढंच. हा फुगा तीसेक किलोमीटर वर जाऊन फुटतो, तोवर डबा खाली तापमान, दमटपणा आणि वारा कळवत राहतो.

त्या वेळी मुंबईत पहाटेचे पाच वाजले होते, आणि सांताक्रूझला आपल्या हवामान खात्याचा फुगाही त्याच सुमाराला वर जात होता. जगभरातल्या वेधशाळा एकाच ठरावीक वेळेला फुगे सोडतात, म्हणजे साऱ्या पृथ्वीचं चित्र एका क्षणाचं मिळतं. या फुग्यांच्या, उपग्रहांच्या आणि खुद्द विमानांनी कळवलेल्या आकड्यांवरून वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजावरून वैमानिकाच्या हाती जाणारा मार्ग आणि तेलाचा हिशेब ठरतो. मुंबईचा फुगा आणि तातेनोचा फुगा, माझ्या प्रवासाची दोन टोकं.

ओइशींच्या काळी डब्यात बोलणारं यंत्र नव्हतं. फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत कोन टिपत बसायचं. ढग असले की काम खुंटलं. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी असे बाराशेहून जास्त वेध घेतले. हिवाळ्यात नऊ किलोमीटरच्या आसपास वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातो, हे १९२४ च्या डिसेंबरात त्यांच्या वहीत उतरलं. १९२६ साली त्यांनी अहवाल छापला, तोही एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या जागतिक भाषेत. सगळ्या जगाला कळावा म्हणून! ओइशी एस्पेरांतोचे कट्टर पुरस्कर्ते होते. परिणाम असा झाला की जगातल्या फारच थोड्यांनी तो वाचला. शास्त्रज्ञाच्या भाबडेपणाला हसावं की रडावं, मला ठरवता आलेलं नाही.

अमेरिकेला हा वारा कळला तो बॉम्ब टाकताना. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी मारियाना बेटांवरून १११ बी-२९ विमानं टोकियोजवळच्या मुसाशिनोतला विमानांचा कारखाना उडवायला निघाली. नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून ती शहरावर आली तेव्हा मागून येणाऱ्या वाऱ्याने त्यांचा वेग एवढा वाढला की नेम साधणाऱ्या यंत्राचा हिशेबच कोलमडला. ठरलेल्या कारखान्यावर बॉम्ब टाकू शकली ती फक्त २४ विमानं, आणि त्यांचेही बहुतेक बॉम्ब भलतीकडे पडले. उंचावरून नेम लागत नाही हे पुन्हा पुन्हा दिसल्यावर पुढच्या मार्चमध्ये विमानं रात्री कमी उंचीवरून आली आणि आगलावे बॉम्ब घेऊन आली. लाकडी घरांच्या टोकियोचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

जपानला वारा आधीपासून ठाऊक होता, आणि त्यांनी तो शस्त्र म्हणून वापरला. त्याच नोव्हेंबरपासून एप्रिल १९४५ पर्यंत नऊ हजारांवर फुगे पूर्व किनाऱ्यावरून सोडले गेले. दहा मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले, खाली बॉम्ब आणि वाळूच्या पिशव्या लटकवलेले. रात्री गारठून फुगा खाली आला की उंची मोजणारं यंत्र एकेक पिशवी सोडून द्यायचं, की फुगा परत वाऱ्यात. असे दोन-तीन दिवसांत प्रशांत महासागर ओलांडून ते अमेरिकेत पोचत. तीनशेच्या आसपास सापडले. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञांनी पिशव्यांतली वाळू आणि तिच्यातले सूक्ष्म जीवांचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती जपानच्या कोणत्या किनाऱ्यावरची असेल याचा माग काढला. नुकसान फारसं झालं नाही, पण ५ मे १९४५ ला ओरेगनमधल्या ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेली पाच मुलं आणि एका पाद्र्याची गरोदर बायको एका फुग्याजवळ गेली आणि बॉम्ब फुटून जागच्या जागी मेली.

हे फुगे कागदाचे होते. तुतीच्या सालीचा हाताने केलेला वाशी कागद, थरावर थर चिकटवून. चिकटवायच्या कामाला शाळकरी मुली लावल्या होत्या, आणि खळ होती कोन्याकूची. हा कोन्याकू मी भाचीच्या फ्रिजमध्ये बघितला. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, त्यात करड्या रंगाची, काळे बारीक ठिपके असलेली, साबणाच्या वडीएवढी थलथलीत वडी. बोटाने दाबली की दबते आणि परत वर येते. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात रश्शात इतर जिन्नसांबरोबर शिजवतात, तेव्हा रश्शाची चव घेते. कोन्याकूचा कंद म्हणजे आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ, वनस्पतिशास्त्रात एकाच कुळीचा. खाजरा तसाच, म्हणून त्याचं पीठ करून चुन्याच्या निवळीत शिजवतात. सुरण चिंचेत किंवा कोकमात शिजवणाऱ्या आपल्या बायकांना हे लगेच पटेल. भाचीने त्या वडीचे काप करून फोडणीला टाकले, वर गोडा मसाला. बरं लागलं, एवढंच म्हणेन. चघळायला वेळ फार लागतो.

भाची राहते निशी-कासाईला. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती आता आपल्या लोकांनी गजबजलेली आहे. २००० सालाच्या संगणक-गोंधळाच्या वेळी भारतातले अभियंते इथे आले, कारण इथून तोझाई लाइनने बँकांच्या ओतेमाचीला गाडी न बदलता जाता येतं. अंतराचा हिशेब माणूस असाच करतो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून गेले. संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभं राहिलं तर “अगं, दूध आण येताना” असं फोनवरचं मराठी सहज कानावर पडतं.

मुंबई आणि टोकियो यांमधलं अंतर पूर्वी लोकांनी किती वेळात कापलं, ते परतीच्या दहा तासांत आठवायला सवड होती. विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग, नागासाकी करत पोचले, आणि योकोहामाहून त्यांनी लिहिलेल्या पत्रावर १० जुलैची तारीख आहे. म्हणजे वाटेतले मुक्काम धरून चाळीस दिवस. त्याच वर्षी जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी संधान बांधून मुंबई–जपान बोटसेवा सुरू करवली. आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांना जायचा आणि त्याच्या भाड्यावर ब्रिटिश बोटकंपनीची मक्तेदारी होती, ती मोडायला. १९५५ मध्ये एअर-इंडिया इंटरनॅशनलची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं टोकियोला जाऊ लागली, कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग असे थांबे घेत. पंख्याची विमानं ती. आजच्या मानाने खालून आणि सावकाश उडायची. वरच्या वाऱ्याचा फायदा घ्यायचा हे तोवर नुकतंच रुळत होतं. १९५२ च्या नोव्हेंबरात पॅन अमेरिकनच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम या वाऱ्यात शिरून अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला, तेव्हा सगळ्या कंपन्यांचे डोळे उघडले. आणि १९७२ मध्ये युरोपातून टोकियोकडे निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं, हेही या मार्गाच्या इतिहासात मोडतं. कुणी दगावलं नाही, एवढं नशीब.

परतताना पडद्यावरचा वेग जपान सोडताना ७१० दाखवत होता. खाली क्यूशूचे डोंगर एवढे सावकाश मागे जात होते की विमान उभं आहे असं वाटावं. दोन जेवणं झाली, सिनेमा झाला, आणि तरी चीन संपेना. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो; सूर्य आपल्याबरोबरच चालत असतो, त्यामुळे झोपही लागत नाही. जाताना रात्रीचं विमान आणि तेही पाठीला वारा घेऊन, म्हणजे धड झोपही होत नाही. पन्नाशीपुढच्या मला विचाराल तर परतीचे दहा तास परवडले. उजेड असतो, पाय मोकळे करता येतात, आणि मुंबईत उतरल्यावर रात्र वेळेवर येते. पूर्वेला गेल्यावर मात्र पहिले काही दिवस पहाटे दोनपर्यंत टक्क जाग आणि सकाळी डोळे उघडत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर महिना बघून तिकीट काढा. जुलै-ऑगस्टमध्ये हा वारा उत्तरेला सरकतो आणि मंदावतो, त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळांतला फरक कमी होतो. पण तेव्हा टोकियोत मुंबईच्या मे महिन्याला लाजवणारा उकाडा असतो आणि पाठोपाठ वादळं. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर परतीला पूर्ण दहा तास धरा आणि पुढची पुण्याची किंवा नाशिकची गाडी ठरवताना वर दोन तास मोकळे ठेवा. दिवसाच्या परतीच्या विमानात पंखाच्या मागची उजवीकडची खिडकी मागून घ्या. हवा स्वच्छ असली तर बांगलादेशाच्या आसपास, आपल्या घड्याळात दोन-अडीचच्या सुमाराला, विमानाने ज्याच्यासाठी एवढा वळसा घेतला तो हिमालय उत्तरेला दिसतो.